नवोद्योगाचा आराखडा आणि भाषायंत्र

बंगळूर शहरातून आग्नेयेस होसूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर बोम्मसंद्रा हे आनेकल तालुक्यातील एक गाव आहे. परंतु आज या नावाने गावाचे चित्र कोणाच्याही डोळ्यांपुढे उभे राहत नाही. कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाच्या वसाहतीचे ते नाव झाले आहे. औषधांचे मोठे कारखाने, रुग्णालयांचे विस्तीर्ण आवार, आणि त्यांच्या आडोशाने यंत्रांचे सुटे भाग कातून देणारी असंख्य लहान वर्कशॉपे अशी ही वस्ती आहे. १० ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रीय विद्यालय रस्ता ते बोम्मसंद्रा या सुमारे १९ किलोमीटर लांबीच्या मेट्रो मार्गाचे उद्घाटन झाले, आणि शहरातून येथवर येणे पूर्वीपेक्षा पुष्कळच सुकर झाले.

अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्या तरुणाच्या मनात केव्हा ना केव्हा स्वतःचा धंदा काढण्याचा विचार येतोच. विचार आला की भांडवलाचा प्रश्न येतो, आणि भांडवलासाठी बँकेकडे गेले की तेथील अधिकारी प्रथम एकच गोष्ट मागतो, ती म्हणजे प्रकल्प अहवाल. कोणता माल करणार, कोण घेणार, किती खर्च येणार, किती मिळणार आणि कर्ज केव्हा फिटणार, या प्रश्नांची लेखी उत्तरे म्हणजे हा अहवाल. पूर्वी तो लिहून देणारे सल्लागार असत, आजही आहेत. परंतु अलीकडे अनेक तरुण हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून करून घेतात. यंत्राला चार ओळींत कल्पना सांगावी आणि काही क्षणांत वीस पानांचा, तक्त्यांसहित सजलेला आराखडा हाती यावा, असा हा प्रकार आहे. हे यंत्र नेमके काय करते आणि त्याच्यावर कोठवर विसंबावे, याचा विचार प्रस्तुत पुस्तिकेत करावयाचा आहे.

भाषायंत्र कसे चालते

प्रथम वाचकांनी एक लहानसा प्रयोग करून पाहावा. पुढील वाक्यातील गाळलेला शब्द भरा: ‘वरील सर्व बाबींचा विचार करता हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या ------ आहे.’ ज्याने दोनचार प्रकल्प अहवाल चाळले असतील तो क्षणाचाही विलंब न लावता ‘व्यवहार्य’ हा शब्द सांगेल. आता स्वतःला विचारा, की हा शब्द आपण कशावरून सांगितला? प्रकल्प कोणता हे आपल्याला ठाऊक नाही. त्याचा जमाखर्च आपण पाहिलेला नाही. अशा वाक्यात असा शब्द येतो, एवढ्याच अनुभवावरून आपण तो सांगितला.

भाषायंत्राची मूळ क्रिया हीच आहे. रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांनी १९१३ मध्ये पुश्किनच्या एका काव्यातील वीस हजार अक्षरे मोजून कोणत्या अक्षरानंतर स्वर येतो आणि कोणत्या अक्षरानंतर व्यंजन, याचे प्रमाण काढले होते. अमेरिकेत क्लॉड शॅनन यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात माणसांना इंग्रजी मजकुरातील पुढचे अक्षर ओळखावयास सांगून भाषा किती प्रमाणात पूर्वसूचित असते याचे मापन केले. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी एक नवी रचना मांडली. तीत मागील मजकुरातील कोणत्या शब्दाकडे किती लक्ष द्यावयाचे हे यंत्र स्वतःच शिकते. या रचनेवर उभारलेली प्रचंड प्रारूपे अगणित पृष्ठांचा मजकूर वाचून तयार होतात. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी हे साधन सर्वांसाठी खुले झाले, तेव्हापासून हे शास्त्र घरोघरी पोहोचले.

हे यंत्र केवळ शेवटच्या अक्षराकडे पाहत नाही. आपण दिलेला सगळा मजकूर लक्षात घेऊन ते पुढचा शब्द निवडते, आणि त्यामुळे त्याचे लेखन सुसंगत, कित्येकदा खरोखर उपयुक्तही असते. तथापि मूळ गोष्ट बदलत नाही. बोम्मसंद्र्यातील एखाद्या गल्लीत किती वर्कशॉपे आहेत हे कोणी लिहून ठेवले नसेल, तर यंत्राला ते माहीत असण्याचे कारण नाही. आणि तरीही विचारल्यास ते बहुधा एक आकडा देईल, कारण अशा प्रश्नानंतर आकडा येतो, हे त्याने शिकलेले आहे. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथील एका न्यायालयाने वकिलांना पाच हजार डॉलर दंड केला, तो याच कारणाने. त्यांनी सादर केलेल्या निवेदनातील काही निवाडे कधी झालेच नव्हते. यंत्राने ते रचले होते, आणि पक्षकारांची नावे व संदर्भ क्रमांक इतके यथायोग्य घातले होते की पाहणाऱ्याला संशय येऊ नये.

येथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. जे प्रकल्प व्यवहार्य नव्हते त्यांचे अहवाल सहसा लिहिलेच जात नाहीत, किंवा लिहिले तरी छापले जात नाहीत. त्यामुळे यंत्राने वाचलेल्या आराखड्यांपैकी बहुतेकांचा शेवट गोड असणार. अपयशाचा मजकूर त्याच्या वाचनात कमी, यशाचा अधिक. त्यात पुन्हा विचारणाऱ्याला रुचेल असे बोलण्याकडे या यंत्रांचा कल असतो. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय या संस्थेला आपल्या एका प्रारूपात केलेला बदल मागे घ्यावा लागला, कारण ते वापरणाऱ्याची भलतीच वाखाणणी करू लागले होते. ज्याला आधीच आपली कल्पना प्रिय आहे त्याला असा भाट मिळाला, की मग बँकेच्या अधिकाऱ्याखेरीज नाही म्हणणारा कोणी उरत नाही.

एक उदाहरण

समजा, निपाणीकडील एक तरुण बोम्मसंद्र्यातील एका कारखान्यात सहा वर्षे काम करीत आहे. त्याने पाहिले आहे की ड्रिल आणि कटर बोथट झाले की लहान वर्कशॉपवाले ते धार लावण्यासाठी लांब पाठवितात आणि परत येईपर्यंत खोळंबून राहतात. आपण येथेच धार लावून देण्याचे काम सुरू करावे, अशी त्याची कल्पना आहे. कल्पना चांगली आहे. तो यंत्राला तसे सांगतो आणि यंत्र आराखडा देते. त्यात लिहिलेले असते की परिसरात मोठी मागणी असून पहिल्याच वर्षी महिन्याला दोन हजार हत्यारांना धार लावण्याचे काम मिळेल. (हा तरुण आणि पुढील सर्व आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, वाचकाने आपल्या धंद्याचे आकडे त्यांच्या जागी घालावेत.)

त्याचा दरमहाचा ठराविक खर्च असा धरू: जागेचे भाडे ४०,००० रुपये, दोन कामगारांचे पगार ५०,०००, कर्जाचा हप्ता ५०,००० आणि किरकोळ १०,०००, एकूण १,५०,००० रुपये. एका हत्यारामागे तो १२० रुपये घेणार. त्यापैकी घासचाकाची झीज, वीज आणि ने-आण यांवर २० रुपये जातात, म्हणजे हाती राहतात १००. दीड लाखाचा खर्च भागविण्यासाठी महिन्याला १,५०० हत्यारे यावयास हवीत. यालाच ना नफा ना तोटा बिंदू म्हणतात. यंत्राने तर दोन हजारांचा अंदाज दिला आहे. म्हणजे महिन्याला पन्नास हजार रुपये नफा. आराखड्याच्या अखेरीस ‘व्यवहार्य’ हा शब्द येतो, आणि या गणितावरून तो चुकीचाही वाटत नाही.

आता आपल्या तरुणाने आराखडा बाजूला ठेवून घड्याळ हाती घ्यावे. हत्यार यंत्रावर बसविणे, कोन जुळविणे, घासणे, तपासणे, उतरविणे या सर्वांना मिळून त्याला बारा मिनिटे लागतात, असे समजा. आठ तासांच्या पाळीत जेवण, साफसफाई, गिऱ्हाइकाशी बोलणे वगळता सहा तास, म्हणजे ३६० मिनिटे प्रत्यक्ष कामाची. ३६० भागिले १२ म्हणजे दिवसाला तीस हत्यारे. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ७५०. धंदा तरून जावयास १,५०० हवीत आणि यंत्र फिरू शकते ७५० साठी! मागणी कितीही असो, एका पाळीत हा धंदा तोट्यातच राहणार.

दुसरी पाळी सुरू केली तर? हत्यारे १,५०० होतील, पण आणखी दोन कामगारांचे ५०,००० रुपये वाढून ठराविक खर्च दोन लाखांवर जाईल आणि लागणारी संख्या होईल २,०००. पुन्हा पाचशे कमीच. हे गणित पाहून तरुणाने निराश होण्याचे कारण नाही, कारण त्याला आता खरा प्रश्न सापडला आहे. मागणी किती हा तो प्रश्न नाही. बारा मिनिटांची आठ मिनिटे कशी करावयाची, हा आहे. एकाच मापाची हत्यारे एकत्र साठवून एका दमात घासली तर कोन पुन्हा पुन्हा जुळवावा लागणार नाही. आठ मिनिटे साधली तर दिवसाला पंचेचाळीस, महिन्याला १,१२५ आणि दोन पाळ्यांत २,२५० हत्यारे होतात. धंदा उभा राहतो. पण त्यासाठी चार वर्कशॉपांनी आपली हत्यारे ठराविक वारी देण्याचे मान्य केले पाहिजे. मान्य करतील का? हे त्यांच्या दारात जाऊन विचारल्यावाचून कळणार नाही.

या उदाहरणात यंत्राने खोटे काही लिहिले असे म्हणता येणार नाही. बारा मिनिटांची गोष्ट त्याला कोणी सांगितलीच नव्हती. तीच गोष्ट यंत्राला सांगून ‘आता हिशेब कर’ म्हटले असते, तर हेच गणित त्याने मांडून दिले असते, कदाचित आपल्यापेक्षा लवकर. (बेरीज-भागाकार मात्र हिशेबाच्या तक्त्यात पुन्हा तपासून घ्यावेत. अक्षरे लिहिणारे यंत्र आकडेही अक्षरांसारखेच लिहू लागते, आणि लांबलचक हिशेबात चुकते.)

उधारीचा हिशेब

आराखड्यात सर्वांत अधिक दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे पैसे हाती येण्याचा काळ. दोन हजार हत्यारांचे बिल २,४०,००० रुपये होते, परंतु ते त्या महिन्यात मिळते असे नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ या कायद्यानुसार लहान पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे, आणि उशीर झाल्यास चढे चक्रवाढ व्याज द्यावे लागते. कायदा असा आहे खरा. पण नवा पुरवठादार पहिल्याच गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार गुदरील, असे समजणे भाबडेपणाचे होईल.

आपल्या तरुणाचा दोन पाळ्यांचा ठराविक खर्च दोन लाख आणि घासचाक वगैरेंचा चाळीस हजार, म्हणजे महिन्याला २,४०,००० रुपये बाहेर जाणार. पैसे पंचेचाळीस दिवसांनी आले तर दीड महिन्याचे, म्हणजे ३,६०,००० रुपये त्याच्यापाशी आधीच हवेत. नव्वद दिवस लागले तर ७,२०,०००. यालाच खेळते भांडवल म्हणतात. कागदावर तोटा नसलेले कित्येक धंदे या एका रकमेवाचून बंद पडतात, आणि त्यांच्या मालकांनी घरचे दागिने गहाण ठेवलेले असतात. यंत्राच्या आराखड्यात खेळत्या भांडवलाचा मथळा बहुधा असतो. त्याखाली कोणता आकडा घालावयाचा हे मात्र बोम्मसंद्र्यातील वर्कशॉपवाले बिले किती दिवसांनी चुकती करतात, यावर ठरते.

येथे भाषांतरकार या नात्याने एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. इंग्रजी आराखड्यांत भविष्यातील विक्रीच्या तक्त्याला जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ पुढे फेकणे असा होतो. पडद्यावर चित्र फेकतात तसे. मराठीत आपण जमाखर्चाच्या अशा कागदाला अंदाजपत्रक म्हणतो. हा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो. त्यात अंदाज आहे हे त्याच्या नावातच कबूल केलेले आहे, आणि अंदाज कोणी, कशावरून केला, हे विचारण्याचा हक्क वाचणाऱ्याला आपोआप मिळतो.

केनियातील प्रयोग

या साधनांचा धंद्यावर प्रत्यक्ष काय परिणाम होतो, याविषयीचा एक प्रयोग उद्बोधक आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात केनियातील ६४० लहान उद्योजकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागण्यात आले होते. एका गटाला व्हॉट्सअॅपवरून प्रश्न विचारता येतील असा यांत्रिक सल्लागार देण्यात आला, दुसऱ्याला व्यवसायविषयक नेहमीची मार्गदर्शिका. प्रयोग पाच महिने चालला. सरासरी पाहता दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. परंतु सरासरीच्या खाली पाहिले तेव्हा निराळेच चित्र दिसले. ज्यांचा धंदा आधीच बरा चालला होता त्यांना सल्ल्याचा लाभ झाला, आणि ज्यांचा डळमळीत होता त्यांची स्थिती सल्ल्यानंतर अधिकच खालावली.

असे का व्हावे? संशोधकांनी प्रश्नोत्तरे तपासली तेव्हा एक शक्यता अशी दिसली, की अडचणीत असलेल्यांचे प्रश्नच अधिक कठीण होते. मला यात आणखी एक भाग दिसतो. यंत्र दहा सूचना देते. त्यांपैकी आपल्याला लागू कोणती हे निवडावे लागते, आणि ती निवड धंद्याच्या जाणकारीवाचून होत नाही. जाहिरात करा, किंमत कमी करा, नवा माल ठेवा, या साऱ्या सूचना सर्वसाधारणपणे बरोबरच असतात. गाडीत पेट्रोल नसलेल्याला रस्ता दाखविण्यासारखे ते आहे.

यावरून हे साधन गरिबाला धनिकाच्या बरोबरीस आणील, ही आशा तूर्त तरी सावधपणे बाळगावी लागते. मात्र त्याचा एक उपयोग निर्विवाद आहे. ज्या तरुणाला कल्पना नीट समजली आहे, पण ती बँकेच्या भाषेत लिहिता येत नाही, त्याच्या हाताला हे यंत्र लेखणी देते. मराठीत मांडलेला विचार इंग्रजी अर्जात, आणि बोम्मसंद्र्यासारख्या ठिकाणी कन्नड पत्रात उतरविता येणे, ही लहान गोष्ट नव्हे. इंग्रजी चांगले नाही म्हणून परत पाठविलेले अर्ज ज्याने पाहिले आहेत, तो या उपयोगाला कमी लेखणार नाही.

यंत्राला आराखडा लिहावयास सांगण्याऐवजी आराखड्यावर आक्षेप घ्यावयास सांगणे, हा दुसरा चांगला मार्ग होय. ‘तू कर्ज नाकारू इच्छिणारा बँक-अधिकारी आहेस, मला वीस प्रश्न विचार’ असे म्हटले, की त्याचे खुशमस्करेपण बरेच आटोक्यात येते. त्या वीसांपैकी पाचसहा प्रश्न तरी असे निघतात की ज्यांचे उत्तर आपल्यापाशी नसते. तद्वतच आराखड्यातील प्रत्येक आकड्यापुढे तो मोजलेला, विचारून घेतलेला की नुसता धरलेला, हे लिहून काढावे. ज्या पानावर ‘धरलेला’ हा शब्द अधिक वेळा येईल, त्या पानापासून चौकशीला आरंभ करावा. धंद्यातील गुपिते, गिऱ्हाइकांची नावे व बँकेचे तपशील मात्र यंत्रापुढे उघड करू नयेत.

जुने आकडे जेथे नव्हते

बोम्मसंद्रा–जिगणी जोडरस्त्यावर बायोकॉन या कंपनीचे मोठे आवार आहे. तिची सुरुवात १९७८ मध्ये बंगळुरातील एका भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये दहा हजार रुपयांच्या भांडवलावर झाली. किरण मजुमदार यांनी ऑस्ट्रेलियात मद्यनिर्मितीचे शिक्षण घेतले होते. पपईच्या चिकापासून पपेन हे विकर, आणि माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीपासून बिअर नितळ करणारा पदार्थ, हा त्यांचा पहिला माल. बँका कर्ज देईनात. उद्योजक तरुण, त्यात स्त्री, आणि धंदा असा की ज्याचे नावही कोणी ऐकलेले नाही. त्या काळचे सारे अहवाल वाचून तयार झालेले एखादे भाषायंत्र तेव्हा असते, तर त्याने काय सांगितले असते? ज्या धंद्याचे पूर्वी आकडेच नाहीत त्याचा त्याला अंदाज करता आला नसता. फार तर बँकांनी जे म्हटले तेच अधिक सफाईने म्हटले असते. मजुमदार यांच्यापाशी मात्र आयर्लंडमधील सहयोगी कंपनी होती, म्हणजे माल घेणारे गिऱ्हाईक ठाऊक होते. आणि वर्षभरातच विकरे अमेरिकेत व युरोपात निर्यात होऊ लागली.

याच कर्नाटकातील बेळगावचे उदाहरण नेमके उलट बाजूचे आहे. तेथे १८८८ मध्ये सायकलींच्या दुकानाने आरंभ करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे लोखंडी नांगर तयार केला. नांगर लाकडी नांगरापेक्षा सरस होता यात शंका नव्हती. पण लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर विकावयास दोन वर्षे लागली. ही दोन वर्षे कोणत्या तक्त्यात घातली असती? ती शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून ऐकावी लागली.

शाळांसाठी प्रयोग

विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील एखादा लहान धंदा निवडावा. सायकल-दुरुस्तीचे दुकान, पिठाची गिरणी किंवा रसवंती. भाषायंत्राला त्या धंद्याचा आराखडा विचारून घ्यावा आणि त्यातील दहा आकडे एका स्तंभात उतरवावेत. नंतर मालकाची परवानगी घेऊन एक दिवस तेथे बसावे. गिऱ्हाइके किती आली, एकेकाला किती मिनिटे लागली, किती जणांनी रोख दिले आणि किती जणांनी वहीत मांडावयास सांगितले, हे टिपावे आणि दुसऱ्या स्तंभात लिहावे. गिरणी निवडल्यास वीज गेल्याची वेळ टिपण्यास विसरू नये.